हुकमी स्ट्रायकर विकावा की ठेवावा?

फुटबॉलमध्ये खेळाडूंची बदली वर्षातून केवळ दोन ठरावीक कालावधींत नोंदवता येते आणि युरोपात हे कालावधी बहुधा उन्हाळ्यात व जानेवारीत येतात; त्यामुळे दर वर्षी याच महिन्यांत क्लबचे पदाधिकारी आणि चाहते यांच्यासमोर एकच प्रश्न नव्याने उभा राहतो. संघासाठी सर्वाधिक गोल करणाऱ्या आघाडीपटूला दुसरा क्लब मोठी रक्कम देऊन मागत असेल, तर त्याला जाऊ द्यावे की अडवून धरावे, हा तो प्रश्न होय. एका पक्षाचे म्हणणे असते की हुकमी स्ट्रायकर गेला म्हणजे संघ संपला; दुसऱ्या पक्षाचे म्हणणे असते की एवढ्या पैशात तीन चांगले खेळाडू येतील. दोन्ही पक्ष खेळाडू किती चांगला आहे यावर वाद घालत राहतात, आणि ज्यांवर निर्णय अवलंबून असतो त्या तीन बाबी मागे पडतात: खेळाडूच्या करारात उरलेली मुदत, त्याच्या गोलांची पर्यायी सोय आणि सर्व वजावटी जाऊन क्लबच्या हाती पडणारी निव्वळ रक्कम.

या तीन बाबी कशा तपासाव्यात, कोणते पर्याय उपलब्ध असतात, कोठे फसगत होते आणि कोणाचे काय हक्क असतात, हे पुढे क्रमाने दिले आहे. क्लबच्या कार्यकारिणीत बसणाऱ्या वाचकांना हे टिपण बैठकीत समोर ठेवता येईल आणि चाहत्यांना आपल्या क्लबचा निर्णय पारखता येईल.

प्रथम हे समजून घ्या: विकले जाते ते काय

'खेळाडू विकला' असे बोलण्याची पद्धत असली, तरी खेळाडू आणि क्लब यांच्यात असतो तो ठरावीक मुदतीचा नोकरीचा करार. तो मुदतीपूर्वी संपवून खेळाडूची नोंदणी दुसऱ्या क्लबकडे जाऊ देण्याबद्दल जुना क्लब जी भरपाई घेतो, तिला ट्रान्सफर फी म्हणतात. या व्यवहाराला जुना क्लब, नवा क्लब आणि खेळाडू अशा तिघांचीही संमती लागते. करारात आधीच वेगळी अट नसेल, तर तिघांपैकी एकाने नकार दिला तरी व्यवहार होत नाही.

याच व्याख्येतून दुसरी गोष्ट निघते. करार संपला की भरपाई घेण्याजोगे काही उरत नाही. बेल्जियमचा खेळाडू जाँ-मार्क बोस्मन याच्या खटल्यात युरोपीय न्यायालयाने १५ डिसेंबर १९९५ रोजी दिलेल्या निकालाने हे तत्त्व युरोपीय संघातील खेळाडूंच्या बाबतीत पक्के केले आणि पुढे ते जगभर रूढ झाले. आज फिफाच्या नियमांनुसार कराराचे शेवटचे सहा महिने उरले की खेळाडूला दुसऱ्या क्लबशी पुढील हंगामाचा करार करण्याची मोकळीक मिळते. म्हणून क्लबच्या हाती असलेली मालमत्ता खेळाडूच्या पायांत जितकी असते, तितकीच ती करारावरील शेवटच्या तारखेत असते, आणि ती दर महिन्याला झिजत जाते.

पहिली पायरी: करारातील शेवटची तारीख पाहा

कोणतीही चर्चा सुरू करण्यापूर्वी करार काढून त्यावरील शेवटची तारीख मोठ्याने वाचावी. ती तारीख किती दूर आहे, यावर क्लबने कोणती भूमिका घ्यावी हे बव्हंशी ठरते.

- तीन वर्षे किंवा अधिक उरली असल्यास क्लबचा हात वर असतो. नकार देता येतो, वाट पाहता येते आणि किंमतही सांगता येते.
- दोन वर्षे उरली असल्यास हीच निर्णयाची खरी वेळ असते. या टप्प्यावर करार वाढवून घ्यावा. खेळाडू तयार नसेल तर विक्रीची तयारी सुरू करावी. दोन्ही न करता हंगाम सुरू होऊ देणे, ही या साऱ्या प्रक्रियेतील सर्वांत महागडी चूक होय.
- एक वर्ष उरले असल्यास खरेदीदार जाणतो की बारा महिन्यांनी हाच खेळाडू फुकट मिळणार आहे, आणि तो त्याच हिशेबाने बोली लावतो.
- सहा महिने उरले असल्यास जानेवारीत मिळेल ती रक्कम घ्यावी किंवा खेळाडूची सेवा शेवटच्या सामन्यापर्यंत घेऊन निरोप द्यावा, एवढेच उरते.

हा नियम टॉटनहॅम हॉटस्पर आणि हॅरी केन यांच्या प्रकरणात स्पष्ट दिसतो. टॉटनहॅमच्याच अकादमीत घडलेल्या केनने जून २०१८ मध्ये सहा वर्षांचा, म्हणजे २०२४ पर्यंतचा करार केला. २०२१ च्या उन्हाळ्यात त्याला मँचेस्टर सिटीकडे जायचे होते. परंतु करारात तीन वर्षे उरलेली असल्याने टॉटनहॅमने त्याला सोडले नाही आणि ऑगस्टअखेर केनलाच आपण थांबत असल्याचे जाहीर करावे लागले. दोन वर्षांनी चित्र उलटले. फेब्रुवारी २०२३ मध्ये केन जिमी ग्रीव्ह्ज यांचा २६६ गोलांचा विक्रम मोडून क्लबच्या इतिहासातील सर्वाधिक गोल करणारा खेळाडू ठरला. त्या हंगामात त्याने लीगमध्ये ३० गोल केले, तरीही संघ आठव्या स्थानी राहून युरोपीय स्पर्धांबाहेर पडला. करारात एकच वर्ष उरले होते आणि केन नवा करार करण्यास तयार नव्हता. १२ ऑगस्ट २०२३ रोजी, टॉटनहॅमच्या हंगामातील पहिल्या सामन्याच्या आदल्या दिवशी, तो सुमारे १० कोटी युरोंना बायर्न म्युनिककडे गेला. तीस वर्षांच्या आणि एका वर्षाचा करार उरलेल्या खेळाडूला एवढी किंमत येणे हा अपवाद आहे. २०१२ मध्ये अर्सेनलने आदल्या हंगामात लीगमध्ये ३० गोल करणारा रॉबिन व्हॅन पर्सी असाच एका वर्षाच्या उरलेल्या करारासह सुमारे २.४ कोटी पौंडांना मँचेस्टर युनायटेडला दिला; त्याने पुढच्याच हंगामात २६ गोल केले आणि युनायटेडने लीग जिंकली. आपल्या क्लबने गणित मांडताना व्हॅन पर्सीचे उदाहरण धरावे, केनचे धरू नये.

दुसरी पायरी: गोल कोठून येतील ते लिहून काढा

स्ट्रायकर गेल्यावर त्याची जागा कोण घेणार, असा प्रश्न बहुतेक बैठकांत विचारला जातो. परंतु त्याचे गोल कोण करणार, असा प्रश्न विचारल्यास उत्तर अधिक उपयोगी येते, कारण ते गोल एकाच माणसाने करावेत अशी अट कोठेही नसते. टॉटनहॅमने २०२२-२३ च्या लीग हंगामात ७० गोल केले, त्यांपैकी ३० केनचे होते. केन गेल्यानंतरच्या हंगामात त्याच संघाने ७४ गोल केले आणि तो पाचव्या स्थानी आला. सॉन ह्युंग-मिनने १७ व रिचार्लिसनने ११ गोल केले, आणि नवे प्रशिक्षक अँज पोस्टेकोग्लू यांच्या आक्रमक पद्धतीत उरलेले गोल इतर अनेकांत वाटले गेले.

याच्या अगदी उलट उदाहरण लिव्हरपूलचे आहे. २०१३-१४ मध्ये लुईस सुआरेझच्या ३१ गोलांच्या जोरावर या संघाने लीगमध्ये १०१ गोल केले आणि तो विजेत्यापेक्षा केवळ दोन गुण मागे राहिला. सुआरेझ बार्सिलोनाला गेल्यानंतरच्या हंगामात संघाचे गोल ५२ वर आले आणि स्थान सहावे. त्याचा जोडीदार डॅनियल स्टरिज दुखापतीने बराच काळ बाहेर होता, आणि ऑगस्ट सरता सरता घाईने आणलेल्या मारियो बालोटेलीने लीगमध्ये एकच गोल केला. सुआरेझला विकणे ही चूक होती, असे यावरून ठरत नाही. त्याची विक्री अटळ दिसत असताना पर्याय आधी हाताशी घेतला गेला नाही, ही चूक होती.

आपल्या संघासाठी हा हिशेब पुढीलप्रमाणे मांडावा.

- स्ट्रायकरच्या एकूण गोलांतून पेनल्टीचे गोल वेगळे काढावेत. पेनल्टी घेणारा दुसरा मिळू शकतो, मोकळ्या खेळातला गोल करणारा सहज मिळत नाही.
- त्याने इतरांना करून दिलेले गोल वेगळे मोजावेत. केनसारखा खेळाडू मागे येऊन पास पुरवतो, तेव्हा त्याच्यासोबत मधल्या फळीचे कामही जाते.
- दोन बचावपटू त्याच्या मागे लागत असल्यामुळे इतरांना किती मोकळीक मिळत होती, हे त्याच्याविना खेळल्या गेलेल्या सामन्यांवरून पाहावे.
- गेलेल्या गोलांपैकी किती गोल संघातील खेळाडू भरून काढतील आणि किती गोलांसाठी नवा खेळाडू लागेल, याचा आकडा लिहावा. हा आकडा प्रशिक्षकाकडून घ्यावा, खजिनदाराकडून घेऊ नये.

पर्यायी खेळाडूंची यादी विक्रीची बोली येण्यापूर्वीच तयार असावी लागते, याचे उत्तम उदाहरण ब्रेंटफर्ड हा लंडनमधील तुलनेने लहान क्लब आहे. त्याने २०२० मध्ये आपला प्रमुख गोल करणारा ऑली वॉटकिन्स ॲस्टन व्हिलाला विकला आणि त्याच उन्हाळ्यात पीटरबरोकडून आयव्हन टोनीला त्या रकमेच्या लहानशा भागात आणले. टोनीने पुढच्या हंगामात दुसऱ्या श्रेणीच्या लीगमध्ये ३१ गोल केले आणि मे २०२१ मध्ये ब्रेंटफर्ड ७४ वर्षांनी सर्वोच्च श्रेणीत पोहोचला. आपल्याकडेही असे घडले आहे. इंडियन सुपर लीगमध्ये एफसी गोवाचा आधारस्तंभ असलेल्या फेरान कोरोमिनासने २०२० मध्ये क्लब सोडल्यावर गोव्याने इगोर अंगुलो या अनुभवी स्ट्रायकरला आणले, आणि त्याने २०२०-२१ मध्ये १४ गोल करून गोल्डन बूट पटकावला.

तिसरी पायरी: पैशाचा खरा हिशेब करा

वृत्तपत्रात छापून येणारा आकडा आणि क्लबच्या खात्यात जमा होणारी रक्कम यांत मोठे अंतर असते. ते समजण्यासाठी हिशेबातील एक संकल्पना माहीत असावी लागते. क्लब खेळाडू विकत घेतो तेव्हा ती किंमत कराराच्या वर्षांत समान वाटून खर्ची टाकतो. खर्ची पडलेला भाग वजा जाता जी रक्कम उरते, तिला पुस्तकी किंमत म्हणतात. विक्रीचा नफा या पुस्तकी किमतीशी तुलना करून काढतात. अकादमीत घडलेल्या खेळाडूची पुस्तकी किंमत जवळजवळ शून्य असल्याने त्याची संपूर्ण ट्रान्सफर फी नफा म्हणून दिसते. आर्थिक शिस्तीच्या नियमांनी बांधलेले क्लब घरचेच खेळाडू विकण्याच्या मोहात का पडतात, याचे कारण येथे आहे.

उदाहरणार्थ, समजा एका क्लबने स्ट्रायकर १० कोटी रुपयांना ५ वर्षांच्या करारावर घेतला आणि तीन वर्षांनी त्याला परदेशी क्लबकडून १४ कोटींची बोली आली. हिशेब असा होईल:

- दर वर्षी खर्ची पडलेली रक्कम २ कोटी. तीन वर्षांनंतर पुस्तकी किंमत ४ कोटी.
- कागदावरील नफा १० कोटी.
- आंतरराष्ट्रीय बदलीत खेळाडूला घडवणाऱ्या क्लबांसाठी ५ टक्के, म्हणजे ७० लाख, वजा.
- खेळाडू ज्या क्लबकडून घेतला, त्याला वाढीव किमतीच्या २० टक्के देण्याचे कबूल केले असल्यास ४ कोटींवर ८० लाख वजा.
- उरलेला नफा ८.५ कोटी, त्यातून एजंटाचे शुल्क आणि कर वेगळे.
- रक्कम तीन वार्षिक हप्त्यांत येणार असल्यास पहिल्या वर्षी हाती पडणारी रोकड एक तृतीयांशच.

याच्या समोरच्या बाजूला नव्या स्ट्रायकरची किंमत, त्याचे वेतन आणि तो रुळेपर्यंत हातून जाणारे गुण मांडावेत. स्थान घसरल्याने बक्षिसाची रक्कम किती कमी होईल आणि वरच्या स्पर्धेतील प्रवेश हुकल्यास काय गमवावे लागेल, हेही त्यात धरावे. दोन्ही बाजूंची वजाबाकी केल्यानंतर जी रक्कम उरते, तीच या व्यवहाराची खरी किंमत होय.

चौथी पायरी: खेळाडूच्या मनाचा अंदाज घ्या, आणि त्याच्या हक्कांचा मान राखा

करार हाती असला तरी नाराज खेळाडूकडून गोल मिळत नाहीत. न्यूकॅसल युनायटेडच्या अलेक्झांडर इसाकने २०२४-२५ मध्ये लीगमध्ये २३ गोल केले आणि लीग कपच्या अंतिम सामन्यात लिव्हरपूलविरुद्ध गोल करून क्लबला विजेतेपद मिळवून देण्यात वाटा उचलला. त्याच्या करारात तीन वर्षे उरली होती. तरीही २०२५ च्या उन्हाळ्यात त्याने क्लब सोडण्याचा हट्ट धरला आणि हंगामाचे पहिले सामने तो खेळला नाही. न्यूकॅसलने घाई केली नाही. आधी जर्मनीतून निक वोल्टेमाडे हा स्ट्रायकर विकत घेतला आणि त्यानंतरच, १ सप्टेंबर २०२५ रोजी, इसाकला सुमारे १२.५ कोटी पौंडांना लिव्हरपूलकडे जाऊ दिले. ब्रिटिश क्लबने दिलेली ही तोपर्यंतची सर्वांत मोठी रक्कम होती. खेळाडूची इच्छा ओळखणे म्हणजे त्याने म्हणताच दार उघडणे नव्हे. दार केव्हा आणि किती किमतीला उघडायचे, हे ठरवण्याचा क्लबचा अधिकार कराराने दिलेला असतो.

मात्र त्या अधिकाराला मर्यादा आहेत, आणि त्या प्रत्येक पदाधिकाऱ्याने ध्यानात ठेवाव्यात.

- करार मोडण्यास किंवा त्याच्या अटी बदलण्यास भाग पाडण्यासाठी खेळाडूशी गैरवर्तन करणे फिफाच्या नियमांत बसत नाही. तसे केल्यास खेळाडूला रास्त कारणाने करार संपवता येतो.
- दोन महिन्यांचे वेतन बेकायदेशीरपणे थकवले, आणि खेळाडूने लेखी नोटीस देऊन किमान १५ दिवसांची मुदत दिल्यानंतरही ते दिले नाही, तर तो करार संपवू शकतो. कोट्यवधींची किंमत असलेला स्ट्रायकर दोन महिन्यांच्या थकलेल्या पगारापायी फुकट हातचा जातो तो असा.
- करारातील खेळाडूशी बोलणी करू इच्छिणाऱ्या क्लबने आधी त्याच्या क्लबला लेखी कळवले पाहिजे. आपल्या खेळाडूशी कोणी परस्पर संपर्क साधत असल्यास लेखी तक्रार नोंदवावी, आणि आपणही तसे करू नये.

आपल्यासमोरील चार पर्याय

विकणे किंवा ठेवणे अशी दोनच टोके असतात, हा समज चुकीचा आहे. प्रत्यक्षात चार पर्याय असतात.

- आता विकणे. करारात दोन वर्षे किंवा त्याहून कमी मुदत उरली असेल, खेळाडू नूतनीकरणास तयार नसेल आणि पर्याय हाताशी असेल, तर हाच मार्ग योग्य ठरतो.
- करार वाढवून एक हंगाम थांबणे. लिव्हरपूलने २०१३ मध्ये सुआरेझसाठी आलेली अर्सेनलची ४ कोटी १ पौंडांची बोली नाकारली, डिसेंबरमध्ये त्याचा करार वाढवला आणि पुढच्या उन्हाळ्यात त्याहून कितीतरी अधिक रकमेला त्याला विकले; मधल्या काळात ३१ गोल मिळाले ते वेगळेच. खेळाडूला वाढीव वेतन आणि पुढच्या वर्षी जाण्याचे रीतसर आश्वासन मिळते, तर क्लबला हंगाम आणि किंमत दोन्ही मिळतात.
- मुक्तता कलम घालून करार वाढवणे. ठरलेली रक्कम कोणी भरल्यास क्लबला खेळाडू सोडावाच लागेल, अशा अटीला मुक्तता कलम म्हणतात. यात आकडा ठरवतानाच सावध राहावे. २०१७ मध्ये पॅरिस सेंट-जर्मेनच्या बाजूने २२.२ कोटी युरो भरले गेले तेव्हा बार्सिलोनाला नेमारला रोखता आले नाही, आणि २०२० मध्ये ह्युगो बूमू याच तरतुदीच्या आधारे एफसी गोवाकडून मुंबई सिटीकडे गेला. मुंबईने त्याच हंगामात लीग शील्ड आणि करंडक दोन्ही जिंकले.
- करार संपेपर्यंत जाणीवपूर्वक ठेवणे. बोरुसिया डॉर्टमंडने २०१३ मध्ये रॉबर्ट लेवांडोव्स्कीला बायर्नला विकण्यास नकार दिला. त्याने २०१३-१४ मध्ये लीगमध्ये सर्वाधिक २० गोल केले, संघ दुसऱ्या स्थानी राहिला, आणि मग तो एकही युरो न देता बायर्नकडे गेला. पुढच्या हंगामात डॉर्टमंड एके काळी तळाशी जाऊन अखेर सातव्या स्थानी राहिला. त्या हंगामातील यश न मिळालेल्या रकमेइतके मोलाचे असेल, तरच हा पर्याय निवडावा, आणि तो ठराव करून निवडावा. निर्णय टाळत राहिल्यामुळे तो आपोआप लादला जाऊ देऊ नये.

विक्री ठरल्यास करारात काय लिहून घ्यावे

- हप्त्यांच्या तारखा, आणि एक हप्ता चुकल्यास उर्वरित संपूर्ण रक्कम तत्काळ देय होईल अशी अट. शक्य असल्यास बँक हमी.
- पुढील विक्रीतील हिस्सा. तो एकूण किमतीवर की वाढीव किमतीवर, हे नेमक्या शब्दांत लिहावे; तरुण खेळाडूच्या बाबतीत ही अट रोख रकमेइतकी मोलाची ठरू शकते.
- गोल, सामने किंवा विजेतेपद यांवर आधारित वाढीव रकमा. सहज साध्य होणाऱ्या अटींनाच पैशांत मोजावे. दुर्मीळ यशावर ठेवलेला आकडा शोभेपुरता असतो.
- खेळाडूला घडवणाऱ्या क्लबांचे ५ टक्के ठरलेल्या रकमेतून जाणार की खरेदीदार त्यावर वेगळे देणार, याचा स्पष्ट उल्लेख.
- खेळाडूला पुन्हा विकायचे झाल्यास आलेल्या बोलीइतकीच रक्कम देऊन त्याला परत घेण्याचा प्रथम हक्क.

खेळाडूवर क्लबबाहेरच्या कोणा गुंतवणूकदाराचा हिस्सा ठेवण्यास फिफाने मे २०१५ पासून बंदी घातली आहे, हेही विसरू नये.

नेहमी होणाऱ्या चुका

- शेवटच्या दिवशी विकणे. बदलीचा कालावधी संपण्याच्या काही तास आधी विकणाऱ्या क्लबकडे पैसा येतो, पण तो खर्च करायला वेळ उरत नाही. ज्यांना हे माहीत असते, ते त्याला दुप्पट भाव सांगतात.
- एका खेळाडूच्या पैशात सात खेळाडू घेणे. टॉटनहॅमनेच २०१३ मध्ये गॅरेथ बेल विक्रमी किमतीला रेआल माद्रिदला दिला आणि सात नवे खेळाडू घेतले. त्यांपैकी ख्रिश्चन एरिक्सन पुढे क्लबचा आधार बनला, बहुतेक इतर रुळले नाहीत आणि प्रशिक्षक आंद्रे व्हिलास-बोआस यांना डिसेंबरमध्येच पद सोडावे लागले.
- एका हंगामाच्या आकड्यांवर भाळणे. हे दोन्ही दिशांनी खरे आहे. एका बहारदार हंगामानंतरच्या स्ट्रायकरला अनमोल समजू नये, आणि विक्रीनंतरच्या एका चांगल्या हंगामावरून विक्री यशस्वी झाली असेही मानू नये. केन गेल्यानंतर पाचव्या स्थानी आलेला टॉटनहॅम त्यापुढच्या हंगामात लीगमध्ये १७ वा आला, आणि त्याच हंगामात बिलबाओ येथे मँचेस्टर युनायटेडला १-० असे हरवून त्याने युरोपा लीगही जिंकली.
- घोषणा करून स्वतःला बांधून घेणे. 'तो विक्रीसाठी नाहीच' असे अध्यक्षाने जाहीर सांगितल्यावर रास्त किमतीलाही मागे फिरता येत नाही आणि चाहत्यांचा विश्वास मात्र जातो.

महाराष्ट्र व गोव्यातील लहान क्लबांचे हक्क

हा विषय केवळ युरोपातील श्रीमंत क्लबांचा आहे असे समजून कोल्हापुरातील तालमींचे संघ, मुंबई-पुण्यातील क्लब आणि गोव्यातील गावोगावचे क्लब बहुधा त्याकडे पाहत नाहीत, आणि तेथेच त्यांचे नुकसान होते. खेळाडू कराराच्या मुदतीत एका देशातील क्लबकडून दुसऱ्या देशातील क्लबकडे ट्रान्सफर फी घेऊन गेला, तर त्या रकमेच्या ५ टक्के रक्कम त्याला वयाच्या १२ ते २३ या हंगामांत घडवणाऱ्या क्लबांत वाटावी, असा फिफाचा नियम आहे. १२ ते १५ या वयाच्या प्रत्येक हंगामासाठी पाव टक्का आणि १६ ते २३ या वयाच्या प्रत्येक हंगामासाठी अर्धा टक्का असे प्रमाण ठरले आहे. एखादा मुलगा १२ ते १८ अशी सात वर्षे आपल्या क्लबकडे नोंदणीकृत राहिला आणि पुढे कधी त्याची १० लाख युरोंची आंतरराष्ट्रीय बदली झाली, तर आपल्या क्लबचा वाटा अडीच टक्के, म्हणजे २५ हजार युरो होतो. एवढ्या रकमेत लहान क्लबचे मैदान, चेंडू, बूट आणि प्रशिक्षकाचे मानधन काही वर्षे निघू शकते.

हा हक्क हातचा जाऊ नये, यासाठी पुढील गोष्टी कराव्यात.

- प्रत्येक मुलाची नोंदणी वयाच्या १२ व्या वर्षापासून दर हंगामाला राज्य संघटनेमार्फत अखिल भारतीय फुटबॉल महासंघाच्या संगणकीय प्रणालीत करावी. केवळ क्लबच्या वहीत नाव असून भागत नाही.
- जन्मदाखला, नोंदणीची पोच आणि संघांच्या याद्या जपून ठेवाव्यात.
- फिफाची या रकमांच्या वाटपाची व्यवस्था नोव्हेंबर २०२२ पासून सुरू आहे. ती नोंदींच्या आधारेच चालते, त्यामुळे क्लबचे नाव व बँक तपशील अद्ययावत ठेवावेत.
- वाद झाल्यास दोन वर्षांच्या आत दाद मागावी लागते.
- देशांतर्गत बदल्यांना महासंघाचे वेगळे नियम लागू होतात. व्यवहारापूर्वी ते तपासावेत.

येथे एक गोष्ट विशेष लक्षात घ्यावी. खेळाडू करार संपवून फुकट गेला, तर ट्रान्सफर फी नसते आणि ५ टक्क्यांचाही प्रश्न उरत नाही. मोठ्या क्लबने निर्णय लांबवला की त्याची झळ त्या मुलाला अनवाणी असल्यापासून घडवणाऱ्या गावच्या क्लबलाही बसते.

चाहत्यांनी काय विचारावे

आपल्या आवडत्या खेळाडूला निरोप देताना दुःख होणे स्वाभाविक आहे आणि क्लबने त्या भावनेचा आदर केला पाहिजे. त्याबरोबरच क्लबला तीन प्रश्न विचारण्याचा चाहत्यांना पूर्ण अधिकार आहे: करार दोन वर्षांवर आला तेव्हा नूतनीकरणाचा प्रयत्न झाला होता काय, त्याच्या गोलांची सोय विक्रीपूर्वी झाली होती काय, आणि आलेली रक्कम कोठे खर्च होणार आहे. या तिन्ही प्रश्नांची समाधानकारक उत्तरे देणाऱ्या क्लबला विक्रीबद्दल दोष देऊ नये. एकाचेही उत्तर न देणारा क्लब खेळाडू ठेवूनही चाहत्यांची फसवणूक करत असतो.

अंतिम निर्णय

वरील सर्व विचार एका नियमात मांडता येतो. करारात तीन वर्षे असतील आणि पर्याय नसेल, तर विकू नये. दोन वर्षे असतील, तर त्याच उन्हाळ्यात नवा करार करावा किंवा विक्री करावी. एकच वर्ष असेल आणि पर्याय हाताशी असेल, तर रास्त बोली येताच विकावे. कोणत्याही स्थितीत नवा स्ट्रायकर येण्यापूर्वी जुन्याला जाऊ देऊ नये. हा निर्णय बोली आल्यावर, दडपणाखाली आणि रात्री उशिरा घ्यायचा नसतो. आपल्या क्लबच्या प्रत्येक खेळाडूच्या कराराची शेवटची तारीख आजच एका कागदावर लिहून कार्यकारिणीच्या पुढच्या बैठकीत समोर ठेवावी, ही सर्व पदाधिकारी वाचकांना कळकळीची विनंती आहे.